हिलशाचे बावीस दिवस आणि दादनचा हिशेब

दुर्गापूजेच्या आधी कलकत्त्याला माल पाठवणाऱ्या आपल्या कापड व्यापाऱ्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. त्या दिवसांत तिकडच्या गादीवर फोन लावून लुंगीच्या मालाची चौकशी केली, तर आधी हिलशाचा भाव ऐकावा लागतो. बांगलादेशाने यंदा मासा सोडला की नाही, किती टन सोडला, किलोला काय पडला, हे सांगून झाल्यावरच आपल्या मालाची गोष्ट निघते. सुरुवातीस आम्हाला याची गंमत वाटे. पुढे एका जुन्या गिऱ्हाइकाने हा सारा व्यवहार समजावून सांगितला, तेव्हा ध्यानात आले की ही नुसती जिभेची गोष्ट नाही. यात नदी आहे, चंद्र आहे, सूत आहे, उधारी आहे आणि सरकारचा कायदाही आहे. लूम चालवणाऱ्याला, कारागिराला आगाऊ रक्कम देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही त्यात शिकण्यासारखे बरेच आहे. म्हणून आज कापडाचा विषय बाजूला ठेवून मेघना नदीच्या मुखावरील या धंद्याविषयी लिहीत आहोत.

मासा कोणता, नदी कोणती

हिलसा म्हणजे बंगाल्यांचा इलिश. सिंधमध्ये त्याला पल्ला म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर तो पाला या नावाने ओळखला जातो, आणि गुजरातेत भडोचजवळ नर्मदेच्या मुखातही तो पूर्वापार मिळत आला आहे. परंतु या माशाचे खरे घर म्हणजे बांगलादेशातील मेघनेचे मुख. गंगा तिकडे पद्मा होते, तिला ब्रह्मपुत्रेचे पाणी मिळते, चांदपूर येथे ती मेघनेत मिसळते, आणि मग हा एवढा मोठा प्रवाह भोला, मनपुरा, हातिया, संद्वीप या बेटांमधून बंगालच्या उपसागरात उतरतो. बांगलादेशाचा हा राष्ट्रीय मासा आहे. २०१७ साली त्याला तेथे भौगोलिक मानांकनही मिळाले. सुमारे पाच लाख मच्छीमार थेट या माशावर जगतात. बर्फवाले, हमाल, आडते, गाडीवाले, जाळे विणणारे आणि होडी बांधणारे धरले तर वीस लाखांहून अधिक लोकांची रोजी त्यावर चालते.

हिलशाची रीत अशी की तो राहतो समुद्रात, पण अंडी घालायला गोड्या पाण्यात येतो. मोठी मादी दहा-वीस लाख अंडी घालते. साधारण एका दिवसात ती फुटतात. पिल्ले पाच-सहा महिने नदीत वाढतात आणि मग समुद्रात उतरतात. या पिल्लांना तिकडे जाटका म्हणतात. मोठी झाली की तीच अंडी घालायला परत फिरतात. म्हणजे हा मासा नदीच्या दारातून दोनदा जातो, एकदा येताना आणि एकदा जाताना. दोन्ही वेळा दारात जाळे असते. गंगेवर १९७५ साली फराक्का येथे बंधारा झाला, तेव्हापासून त्याची वरची वाट जवळजवळ बंदच झाली. त्यापूर्वी तो अलाहाबादपर्यंत जात असे. राहिले ते खालचे दार, मेघनेचे.

शरदातले पाणी

आषाढ-श्रावणात हिमालयाचे आणि आसामचे पाणी लोंढ्याने खाली येते. मुखाजवळचे खारे पाणी दूर समुद्रात ढकलले जाते. गोड्या पाण्याचा माग काढत मासा वर सरकतो. भाद्रपद-आश्विनात पाऊस ओसरू लागतो, पण नदी अजून भरलेली असते. पाणी गढूळ असते आणि मच्छीमाराला हे गढूळ पाणीच हवे असते, कारण त्यात माशाला जाळे दिसत नाही. होडी प्रवाहाला आडवे जाळे सोडते आणि त्याच्याबरोबर वाहत जाते. भरतीला एक फेरा, ओहोटीला दुसरा.

आता चंद्राकडे पाहा. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाणाची भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. उधाणाचे पाणी जोराने आत शिरते आणि मासा त्याच्याबरोबर झुंडीने येतो. वर्षातल्या सगळ्या उधाणांत आश्विनी पौर्णिमेचे उधाण हिलशासाठी सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे त्या रात्री कोजागिरीचे दूध आटवतात. तिकडे त्या आगेमागे मादी अंड्याने भरलेली असते आणि तिची मुखातली गर्दीही तेव्हाच सर्वांत मोठी असते. याचा अर्थ सरळ आहे. ज्या दिवसांत मासा सर्वांत सोपा सापडतो, त्याच दिवसांत तो पकडणे सर्वांत महाग पडते, फक्त ते बिल पुढच्या वर्षी येते.

याच महिन्यांत वादळाचेही भय असते. १९७० च्या नोव्हेंबरात भोल्याच्या चक्रीवादळाने तीन ते पाच लाख माणसे नेली असे मानले जाते. २०२२ साली २४ ऑक्टोबरला सित्रंग वादळ याच किनाऱ्यावर धडकले. नोव्हेंबर उजाडला की नदीचा जोर कमी होतो आणि खारे पाणी पुन्हा वर सरकते. अंडी घालून रोडावलेला मोठा मासा समुद्राकडे जातो आणि नदीत उरतात ती पिल्ले.

मर्यादा कशी घातली

काही देशांत प्रत्येक होडीला वजन ठरवून देतात की इतके पकडा, त्यापुढे नाही. मेघनेवर ते शक्य नाही. हजारो लहान होड्या, शेकडो घाट आणि बेटे. कोण कोठे किती उतरवतो हे मोजणार कोण? म्हणून बांगलादेशाने वजनाऐवजी वेळ, माप, जाळे आणि जागा या चार गोष्टींना मर्यादा घातली.

पहिली वेळेची. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास हिलसा पकडणे पूर्ण बंद. २०११ साली ही बंदी ११ दिवसांची होती, २०१५ साली १५ दिवस झाली आणि २०१६ पासून २२ दिवस आहे. बावीसच का? कारण तेवढ्यात एक पौर्णिमा आणि एक अमावास्या, म्हणजे दोन उधाणे, बसतात. चंद्रावर हिशेब असल्यामुळे आपल्या सणांप्रमाणे याही तारखा इंग्रजी महिन्यात मागेपुढे सरकतात. २०२३ साली १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर, २०२४ साली १३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर आणि २०२५ साली ४ ते २५ ऑक्टोबर अशी बंदी होती. व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की ही बंदी फक्त पकडण्यावर नाही. त्या दिवसांत हिलशाची वाहतूक, साठा, खरेदी, विक्री आणि अदलाबदल हे सारे गुन्हे आहेत. शिक्षा एक ते दोन वर्षे कैद, किंवा पाच हजार टका दंड, किंवा दोन्ही.

दुसरी मापाची. १ नोव्हेंबर ते ३० जून असे आठ महिने २५ सेंटिमीटरहून लहान मासा, म्हणजे जाटका, पकडता येत नाही.

तिसरी जाळ्याची. ही आम्हा सूतवाल्यांना पटकन समजते. हिलशाचे जाळे हे गळ्यात अडकणारे जाळे. माशाचे डोके घरातून आत जाते, धड अडकते, मागे फिरावे तर कल्ल्यात धागा रुततो. तेव्हा घर जेवढे, मासा तेवढा. कापडात जसा फणीचा नंबर ठरला की पोत ठरला, तसेच हे. बांगलादेशात हिलशाच्या जाळ्याचे घर साडेसहा सेंटिमीटरहून लहान असू नये असा नियम आहे. त्याहून बारीक घरातून पिल्लू सुटत नाही. शिवाय एकेरी नायलॉन धाग्याचे, पाण्यात न दिसणारे, स्वस्त असे एक जाळे तिकडे 'करंट जाल' म्हणून विकले जाते. त्यावर २००२ पासून बंदी आहे. तरी मुन्शीगंजच्या बाजूला ते चोरून बनते, पकडले जाते, ढीग करून जाळले जाते आणि पुन्हा बनते. स्वस्त मालाला गिऱ्हाईक असेपर्यंत कारखाना बंद होत नाही, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको.

चौथी जागेची. मेघना, तेतुलिया, पद्मेचा खालचा भाग, आंधारमाणिक अशा ठिकाणी नदीचे सहा पट्टे राखीव आहेत. त्यांपैकी पाचांत मार्च-एप्रिलमध्ये आणि आंधारमाणिकमध्ये नोव्हेंबर ते जानेवारी मासेमारी बंद असते.

समुद्रातली बंदी याहून वेगळी. ती २०१९ पासून सर्व होड्यांना २० मे ते २३ जुलै अशी ६५ दिवस होती. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदी मात्र १५ एप्रिल ते १४ जून. बांगलादेशी मच्छीमारांची तक्रार होती की आम्ही घरी बसतो तेव्हा शेजारच्या होड्या समुद्रात असतात. तक्रार वाजवी होती. २०२५ साली तिकडच्या सरकारने ही बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी ५८ दिवसांची केली आणि दोन्ही देशांच्या तारखा जवळजवळ जुळल्या.

फायदा झाला काय

आकडे बोलतात. २००२-०३ साली बांगलादेशात हिलशाचे उत्पादन दोन लाख टनांच्या आसपास होते. २०१७-१८ साली ते पाच लाख टनांच्या वर गेले आणि २०२२-२३ साली ५ लाख ७१ हजार टन झाले. वीस वर्षांत जवळजवळ तिप्पट. पुढच्याच वर्षी, २०२३-२४ साली, मात्र ते ५ लाख २९ हजार टनांवर आले. नदीच्या मुखाशी गाळ साचून वाटा उथळ होत आहेत, पाण्यात कारखान्यांची घाण येते, आणि जाटका अजूनही चोरून पकडला जातो.

भारताला होणारी निर्यात २०१२ पासून बंद आहे. २०१९ पासून दुर्गापूजेपुरती खास परवानगी मिळते. २०२४ साली २,४२० टनांची मिळाली, २०२५ साली १,२०० टनांची. प्रत्यक्ष माल त्याहून कमीच येतो. आमच्या कलकत्त्याच्या गिऱ्हाइकाची चिंता ती हीच.

खरी गाठ कोठे आहे

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की कायदा चांगला, आकडे चांगले, मग अडचण काय? अडचण अशी की दर ऑक्टोबरात मेघनेवर रात्री होड्या निघतात, गस्तीच्या नौका मागे लागतात, माणसे पकडली जातात, जाळी जळतात. हे लोक पुढच्या वर्षीचा मासा आपणच मारतो आहोत, हे न कळण्याइतके अडाणी नाहीत. नदी त्यांना अधिकाऱ्याहून जास्त कळते. मग ते का जातात?

त्याचे उत्तर एका शब्दात आहे, दादन. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तेथे थोडी फारसीही कानावर पडली. फारसीत दादन म्हणजे देणे. मच्छीमाराला जाळ्यासाठी, होडीसाठी, डिझेलसाठी पैसा लागतो. बँक त्याला दारात उभे करीत नाही. आडतवाला देतो. व्याज म्हणून काही मागत नाही. अट एकच, मासळी माझ्याच आडतीवर उतरवायची.

समजण्यासाठी एक हिशेब मांडू. समजा एका होडीवाल्याने एक लाख टका दादन घेतले आणि हंगामात पाच लाखांची मासळी आणली. आडत दहा टक्के धरली तर पन्नास हजार गेले. बांधलेला माणूस म्हणून भाव खुल्या बाजारापेक्षा पाच टक्के कमी मिळाला तर आणखी पंचवीस हजार. पंचाहत्तर हजार गेले आणि मुद्दल एक लाख जागच्या जागी. पुढच्या हंगामात जाळे फाटले की वर आणखी घ्यायचे. हे आकडे आमचे उदाहरणाचे आहेत, पण घडण अशीच असते.

बंदीच्या बावीस दिवसांत सरकार नोंदणीकृत कुटुंबाला २५ किलो तांदूळ देते. २०२५ साली ६ लाख २० हजार कुटुंबांसाठी ही तरतूद होती. मदत खरीच आहे, नाकारता येणार नाही. परंतु पाच माणसांच्या घरात ती माणशी दिवसाला पाव किलोही पडत नाही. मीठ, तेल, डाळ, औषध वेगळे. ज्याची नोंदणी नाही त्याला तेवढेही नाही. आणि लहान कर्ज देणाऱ्या संस्थांचा आठवड्याचा हप्ता तर थांबतच नाही. हप्तेवाला ना पौर्णिमा पाहतो ना अमावास्या. दुसऱ्या बाजूला किलोभराचा एक हिलसा ढाक्यात २०२४-२५ साली दीड-दोन हजार टक्यांच्या घरात होता. पाच हजारांचा दंड म्हणजे तीन मासे. असा हिशेब ज्याच्यासमोर आहे, तो कैदेची भीती असूनही रात्री होडी सोडतो.

बंगालमध्ये दादन हा शब्द मासळीच्याही आधी कापडाचा होता, हे आपल्या वाचकांना सांगायलाच हवे. ईस्ट इंडिया कंपनी ढाक्याच्या बाजूचे कापड दादनी व्यापाऱ्यांमार्फत घेत असे. ते विणकराला आगाऊ पैसे देत आणि माल बांधून घेत. १७५३ साली कंपनीने ही पद्धत सोडून स्वतःचे गुमास्ते नेमले, पण विणकराच्या मानेवरची आगाऊ रक्कम काही उतरली नाही.

आमची स्वतःची गोष्ट

तीस वर्षांपूर्वी आमचे चार लूम होते. एकदा बाजारात कोऱ्या मालाचा इतका साठा झाला की भाव मजुरीच्या खाली आला. सर्वांनी मिळून ठरवले, पंधरा दिवस लूम बंद ठेवायचे, म्हणजे माल आटेल आणि भाव सावरेल. ठराव योग्य होता. आम्ही स्वतः हात वर केला होता. परंतु आमच्यावर एका सूतवाल्याची बाकी होती. चौथ्या दिवशी त्याचा माणूस आला. म्हणाला, बंद तुमचा, हप्ता आमचा. त्या रात्री आम्ही शटर ओढून, खिडक्यांना गोणपाट लावून दोन लूम चालवले. आवाज काही लपत नाही. गल्लीत दुसऱ्याही घरून खटखट ऐकू येत होती. आठवडाभरात बंद मोडला, भाव आणखी पडला, आणि ज्यांनी खरोखर लूम बंद ठेवले होते त्यांचे नुकसान सर्वांत जास्त झाले. त्यांच्यापैकी एक आमचे शेजारी होते. त्यांनी आम्हाला कधी बोलून दाखवले नाही, पण आम्ही त्यांच्या डोळ्याला डोळा देणे बरेच दिवस टाळले.

मेघनेवरच्या रात्रीच्या होडीविषयी ऐकले तेव्हा आम्हाला ती खटखट आठवली.

आपण काय घ्यावे

महाराष्ट्रातही आता हे नियम आले आहेत. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी आहेच. शिवाय २०२३ साली सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरहून लहान पकडायचे नाही. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. कोकणातले आपले मच्छीमार, बर्फवाले आणि मासळीचे व्यापारी या नियमांखाली येतात. त्यांनी मापाची पट्टी होडीवरच ठेवावी आणि जाळे घेताना स्वस्तापेक्षा घर पाहावे.

परंतु आमचे मुख्य सांगणे जाळेवाल्याला नाही, पैसेवाल्याला आहे. मासळी असो, सूत असो, जरीकाम असो की चामडे, धंद्याला कधी ना कधी थांबावे लागते. थांबण्याचा फायदा सगळ्यांना मिळतो आणि थांबण्याचा खर्च मात्र ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याच्या माथी पडतो. तांदूळ देऊन पोट थोडे भरते, हप्ता भरत नाही. ज्या दिवसांत काम बंद, त्या दिवसांत वसुली बंद, एवढी एक अट आगाऊ रकमेच्या व्यवहारात आधीच लिहून ठेवली तर अर्धी चोरी आपोआप थांबेल. त्यात देणाऱ्याचेही नुकसान नाही. नदीत मासा राहिला तर आडत राहील. बाजारात भाव राहिला तर बाकी वसूल होईल.

आज आम्ही दुसऱ्या बाजूला आहोत. आमच्याकडून सूत आणि पैसे घेऊन काम करणारे सोळा-सतरा कारागीर आहेत. मागच्या मंदीत लूम बंद ठेवण्याची वेळ आली, तेव्हा आम्ही मुनीमजींना सांगून त्या पंधरा दिवसांची वसुली पुढे ढकलली. रक्कम बुडाली नाही. दोघांकडून अजून यायची आहे. त्या दोघांचे लूम मात्र रात्री बंद होते, हे आम्ही स्वतः गल्लीतून फिरून पाहिले आहे.